दुसरी किल्ली कोणाकडे?

धुरी पहिल्यांदा आमच्या वाचनालयात आले तेव्हा त्यांनी भाडं विचारलं नाही, पंखे किती ते विचारलं नाही. वरच्या हॉलला मागे दरवाजा आहे का, हे विचारलं. मग मेन स्विच कुठे आहे ते विचारलं. मग चष्मा काढून पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही अचानक नसलात तर किल्ली कोणाकडे असते?"

"नसलो म्हणजे?"

"म्हणजे गावाला गेलात."

"मी गावाला जात नाही."

"मग आजारी पडलात."

"पडत नाही."

पुढचं कसं बोलावं या विचाराने त्यांच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी मीच म्हणालो, "म्हणजे मी मेलो तर?"

"हो," ते सुटल्यासारखे म्हणाले. "तेच."

लालबागच्या आमच्या गल्लीतल्या त्या वाचनालयाचा मी मानद सचिव. मानद म्हणजे काम सगळं आणि मान काही नाही. वधूवर मेळावेवाले, योगवर्गवाले, सोसायटीच्या भांडणांच्या सभा भरवणारे असे नाना नमुने मी तिथे बघितले होते. पण माझ्या मरणाची सोय विचारणारा हा पहिलाच. मी चिडून म्हणालो, "माझ्याशिवाय कोणाकडे किल्ली नाही." त्यावर हा मनुष्य इतका अस्वस्थ झाला की मला त्याला पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी दुसरी किल्ली करवून आणली आणि त्यांनाच देऊन टाकली. न दिली असती तर ते रोज आले असते.

सदानंद धुरी. वय पन्नाशीच्या पलीकडे, अंगाने काटकुळे, शर्टाचा खिसा फोनच्या वजनाने कायम खाली ओढलेला. एका मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करत. लग्न केलेलं नव्हतं. धाकटी बहीण कुंदाताई लवकर विधवा झाली, ती मुलीला घेऊन भावाकडे परळला राहायला आली, आणि मुलीच्या लग्नानंतर दोघांचंच ते घर. हॉल त्यांना हवा होता महिन्यातून एका शनिवारी दुपारी, कंटेनर ऑर्केस्ट्रेशन आणि क्लाउडवरच्या मेळाव्यासाठी. कंटेनर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कॉटन ग्रीनची गोदामं आली आणि ऑर्केस्ट्रेशन म्हटल्यावर बँडपथक. मी अर्जावर लिहिलं, वाद्यं वाजवू नयेत. त्यांनी मुकाट्याने सही केली.

पहिल्या मेळाव्याला मी मागच्या खुर्चीवर लक्ष ठेवायला बसलो आणि मला एक अक्षर कळलं नाही. तरुण मुलंमुली, पाठीवर पिशव्या, निम्मं मराठी, निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी. बेरीज चुकली आहे हे मला माहीत आहे, पण ती भाषा तशीच होती. मेळावा संपल्यावर धुरींनी मला गॅलरीत नेऊन समजावलं. ते समजावणं मी जन्मात विसरणार नाही, कारण तोवर इतकी वर्षं लालबागेत राहून मला गिरणीसुद्धा कोणी इतकी नीट समजावली नव्हती.

"गिरणीच्या गेटवर सकाळी बदली कामगार उभे असायचे ना? साच्यावरचा, म्हणजे मागावरचा माणूस आला नाही की जॉबर, म्हणजे मुकादम, त्यांतला एक आत घ्यायचा. का? तर साचा बंद राहता कामा नये. तेच हे. मशीन म्हणजे साचा. जॉबर म्हणजे एक प्रोग्राम, सारखा मोजत असतो, कोण उभा आहे, कोण पडला. एक पडला की दुसरा आत."

"आणि कंटेनर?"

"तो कामगार. स्वतःचा डबा, स्वतःची हत्यारं, सगळं बरोबर घेऊन आलेला. कुठल्याही साच्यावर उभा करा, लगेच कामाला लागतो."

मग जरा थांबून ते म्हणाले, "माझे बाबा बदली होते. कायम व्हायच्या आधी कित्येक वर्षं. आत घेतलं तर संध्याकाळी यायचे. नाही घेतलं तर थोड्याच वेळात जिन्यावर त्यांची पावलं वाजायची. मी अंथरुणात पडून ऐकत असायचो. वाजू नयेत म्हणून."

मला वाटतं धुरी आयुष्यभर त्या जिन्याकडेच कान लावून पडलेले होते. बाकी सगळं नंतरचं.

त्यांच्याकडे प्रत्येक गोष्ट दोन असे. दोन छत्र्या, दोन चष्मे, पिशवीत दोन रुमाल, डब्यात दोन चमचे. फोनही दोन. हॉटेलात चहा मागवला तर ते दोन मागवत नसत एवढंच. कुंदाताई सांगत, "ह्येचा एक बरां आसा, बायल एकव केल्यान नाय, नायतर दोन करूक लागले असते." धुरी या दोन बायकांच्या विनोदावर हसत नसत. त्यांना त्यातला धोका दिसत असावा.

आणि त्यांची ती लाल माकडटोपी. लोकरीची, जुनी, गोंडा तुटलेली. पूर्वी कधीतरी त्यांनी कंपनीत एक घोळ घातला होता. संगणकावर दोन खिडक्या उघड्या, दोन्ही दिसायला सारख्या. एकीत सरावाची यंत्रणा, एकीत खरी. सरावाची पुसायला गेले आणि खरी पुसून बसले. दुधाने तोंड भाजलेला ताकही फुंकून पितो. यांनी फुंकायला टोपी काढली. खऱ्या यंत्रणेला हात लावायचा असेल तर आधी डोक्यावर लाल टोपी. म्हणजे स्वतःलाही आठवण राहते आणि आजूबाजूचे बोलायचे थांबतात. टोपी डोक्यावर असेपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, असा कडक नियम होता. भाचीच्या लग्नात, दादरच्या कार्यालयात, ऐन मे महिन्यात, पंगत बसलेली असताना त्यांचा फोन कर्कश वाजला. धुरींनी पानावरून उठून पिशवीतून लाल माकडटोपी काढली, कानावर ओढली आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. वरपक्षाकडच्या एका वयस्कर बाईंनी कुंदाताईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे आनुवंशिक तर नाही ना?"

मेळाव्याची एक रीत होती आणि ती धुरींनीच घातलेली होती. तिला सगळे 'खेच' म्हणत. हॉलमधल्या टेबलावर साबणाच्या डबीएवढी काही मशीनं मांडलेली असत, रंगीत वायरींनी जोडलेली. पडद्यावर प्रत्येकाचा हिरवा ठिपका. भाषण देणारा आपली यंत्रणा किती भक्कम आहे ते सांगे, टाळ्या पडत, आणि मग समोरच्यांपैकी कोणीतरी एक जण उठून, न विचारता, मनाला येईल ती वायर खेचे. ठिपका लाल होई. सगळा हॉल श्वास रोखून बसे. जरा वेळाने काम दुसऱ्या मशीनवर उभं राही आणि ठिपका हिरवा होई. किंवा होत नसे, आणि भाषण देणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं होई. खेचणाऱ्याला कोणी अडवायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही, हा नियम. धुरी म्हणत, "पडायचं असेल ते आपल्या डोळ्यांदेखत पडू दे. पाठीमागे पडलं तर काय करणार?"

डोळ्यांदेखत म्हणत खरे, पण स्वतः कधी बघत नसत. खेच आली की ते गॅलरीत जात, कठडा धरून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहत, आणि मला विचारत, "झालं का हिरवं? सेक्रेटरी, झालं का?" मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. त्या दोन-पाच क्षणांत त्यांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसे. मला त्यांचा रागही येई. कशाला हवं हे हात दाखवून अवलक्षण? ज्याला बघवत नाही त्यानेच ही रीत घालावी?

या मंडळींनी मिळून एक खरं काम उभं केलं होतं. गिरगावापासून शीवपर्यंतच्या लहान लहान रक्तपेढ्यांसाठी एक फलक. कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते इंटरनेटवर एका जागी दिसायचं. सगळे फुकट काम करत. यंत्रणा धुरींनी बांधलेली. तीही बदली कामगारांसारखीच. एक मशीन पडलं तर दुसरं उभं. पण देखरेख सगळी धुरींकडे. काही बिनसलं की सूचना त्यांच्या फोनवर. जेवताना, देवळात, न्हाव्याच्या खुर्चीत ते तो फलक उघडून बघत. "कोणीतरी आत्ता तिथे शोधत असेल, सेक्रेटरी. त्याला कोरी पाटी दिसली तर?" हे ते अगदी खालच्या आवाजात म्हणत. त्यांच्या संगतीने मी घरातला गॅस दोनदा बघायला लागलो होतो.

मग एकदा कुंदाताई वाचनालयात आल्या. पुस्तक बदलायला येत तशा नाही. पिशवी न घेता, पायातली चप्पल न काढता. म्हणाल्या, "तुम्हीच काय ता सांगा ह्येका. माजा ऐकणा नाय."

धुरींच्या छातीत दुखत होतं. तपासण्या झाल्या होत्या, डॉक्टरांनी बायपास सांगितली होती आणि लांबवू नका असंही सांगितलं होतं. धुरी लांबवत होते. आधी म्हणाले गणपतीनंतर, त्या दिवसांत रक्तदान शिबिरं फार असतात. गणपती झाले. मग दिवाळीनंतर, पोरं गावाला जातात, फलक बघायला कोणी नसतं. दिवाळी झाली. आता म्हणत होते यंत्रणा नवीन मशीनवर हलवतो आणि मग निवांत जातो.

"निवांत!" कुंदाताई म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्यो जन्मात निवांत बसलो नाय. तो डॉक्टर म्हणता, जिने चढूचे नाय. आणि ह्यो तुमचो जिनो चढता."

मला तेव्हा एकदम लक्षात आलं. गेले काही महिने धुरी आमच्या जिन्याच्या वळणावर थांबून विजेचे मीटर निरखत असत. मी मनात म्हणायचो, बघा, आता आमच्या मीटरचीही काळजी. तो माणूस तिथे दम खात होता.

मी धुरींना गाठून फैलावर घेतलं. ते ऐकून घेत होते. म्हणाले, "ऑपरेशनला भूल देणार. मग आयसीयू. फोन देत नाहीत तिथे. किती दिवस, ते सांगत नाहीत."

"मग दुसऱ्या कोणाकडे द्या की सगळं! ती ग्लेन्डा आहे ना?"

"ती हुशार आहे," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा हुशार आहे. पण तिला भीती वाटत नाही."

ग्लेन्डा म्हणजे मेळाव्यातला त्यांचा उजवा हात. गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती वाडीत वाढलेली, मूळच्या मुंबईकर घरातली, एका बँकेत हेच काम करणारी. बोलणं तडतड फुटाण्यासारखं. तिला मी कुंदाताईंचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, ओठ चावले, आणि म्हणाली, "अंकल, सर कोणाचं ऐकत नाहीत. पण खेचचा नियम मोडणार नाहीत."

त्या शनिवारी भाषण तिचंच होतं. ते संपलं, टाळ्या पडल्या. धुरी सवयीने गॅलरीकडे निघाले. ग्लेन्डा म्हणाली, "सर, थांबा. आज खेच माझी आहे." टेबलावरच्या एकाही वायरीला हात न लावता ती सरळ चालत त्यांच्यापुढे आली आणि तिने हात पसरला. "फोन द्या."

"कुठला?"

"दोन्ही."

पोरं हसली. मग धुरींचा चेहरा बघून हसू थांबलं.

"कोण पडला तर चालेल ते आपण दर महिन्याला बघतो," ती म्हणाली. "मशीन पडलं तर चालतं. वायर तुटली तर चालतं. तुम्ही पडलात तर? जॉबरला बदली कोण आहे, सर?"

"पण हा खरा फलक आहे, ग्लेन्डा. हे टेबलावरचं नाही."

"तेच तर. खेचणाऱ्याला का म्हणून विचारायचं नाही. रूल तुमचा आहे."

धुरींनी माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली नाही. चुकवावीशी फार वाटत होती. त्यांनी दोन्ही फोन तिच्या हातावर ठेवले. तिने ते बंद केले, आमच्या दुर्मीळ ग्रंथांच्या कपाटात ठेवले आणि किल्ली मला दिली. धुरी गॅलरीत गेले. पहिल्यांदाच त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं नाही. कठड्याला पाठ लावून खिडकीतून पडद्याकडे बघत उभे राहिले.

ग्लेन्डाने लाल टोपी मागून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर चढवली. मग तिने खऱ्या यंत्रणेतलं एक मशीन काढून घेतलं. हे पूर्वी कितीतरी वेळा केलेलं होतं आणि दर वेळी काम आपोआप दुसऱ्या मशीनवर उभं राहिलेलं होतं. या वेळीही ते तिकडे गेलं आणि दाराशी अडकलं. सगळा महत्त्वाचा माल एका कुलपात होता. कुलूप उघडायला एक सांकेतिक आकडा लागत होता. आणि तो आकडा येत होता धुरींच्या फोनवर. फोन दोन होते, सिमकार्ड एकच होतं, आणि ते आमच्या दुर्मीळ ग्रंथांत पडलेलं होतं.

इतकी वर्षं आपोआप होत होतं ते आपोआप होतच नव्हतं. आकडा फोनवर आला की धुरींचा अंगठा तो दाबून मोकळा होत होता. जपमाळेचा मणी ओढावा तसा. त्यांच्या स्वतःच्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं. सगळ्याला बदली ठेवणारा हा माणूस स्वतःच त्या यंत्रणेतला एक पुर्जा होऊन बसला होता, आणि त्याला जोड नव्हती.

त्या अडकलेल्या कामामागे बाकीची मशीनंही खोळंबली आणि पडद्यावर एकामागून एक ठिपके लाल झाले. मग फलक कोरा झाला.

धुरी आत धावले. "किल्ली द्या, सेक्रेटरी!"

माझा हात खिशात गेला होता, खोटं कशाला बोलू. पण ग्लेन्डा माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली. "नाही. तुम्ही नाही आहात. तुम्ही टेबलावर आहात, छाती उघडलेली आहे, आणि बोर्ड पडलाय. आता आम्ही काय करायचं ते आम्हाला करू दे."

मला वाटलं, हा माणूस आत्ता इथेच कोसळतो. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

पोरांनी बरीच खटपट केली. कुलूप काही उघडेना. शेवटी ग्लेन्डा म्हणाली, "पेढ्यांना फोन लावा. सांगा बोर्ड बंद आहे. कोणाला लागत असेल तर आपण विचारून सांगू." प्रत्येकाने एक एक पेढी वाटून घेतली. ग्लेन्डाने शीवकडच्या पेढीला लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे वयस्कर, जरा दमलेल्या बाईंचा आवाज होता.

"सिस्टर, आमचा फलक बंद पडलाय. सॉरी. तुम्हाला आत्ता काही अडचण..."

"बंद आहे? असं का? थांबा हं, बघते." पलीकडे कळफलक वाजला. "हो गं, बंद दिसतोय. बरं झालं सांगितलंस. नाही, अडचण काही नाही."

"आत्ता कोणाला रक्त शोधायचं असेल तर कसं करता?"

"कसं म्हणजे? फोन करतो की. फलकावर बघतो कुठे आहे ते, आणि मग फोन करून विचारतो. फलकावर पिशवी दिसते, पण ती आत्ताच कोणी नेली असेल तर? पेशंटचा जीव आहे बाई. विचारल्याशिवाय नातेवाइकाला पळवायचं कसं? आणि आमचे सगळ्यांचे नंबर भिंतीवर लिहिलेलेच आहेत."

"म्हणजे रोज फोन करता?"

"रोज. फलक छान आहे हो तुमचा, कुठे आधी विचारायचं ते कळतं. वेळ वाचतो."

धुरी हळूहळू पुढे आले आणि फोनवर वाकले.

"आणि फोन लागला नाही तर?"

"मग माणूस पाठवतो."

"माणूस नसला तर?"

"मी जाते. रिक्षा करून जाते," बाई म्हणाल्या, आणि मग जरा करड्या आवाजात, "कोण बोलतंय?"

धुरी फोनपासून मागे सरले. आता मात्र ते खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. सुटका झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. देव्हाऱ्यात अखंड दिवा जपावा आणि कोणी सहज म्हणावं की अहो, बाहेर उजेड आहे, तसं काहीतरी त्यांचं झालं असावं. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी, का कोण जाणे, मोठ्याने हसावंसंही वाटलं. इतकी वर्षं हा माणूस ज्या भीतीने जिन्याकडे कान लावून होता, ती भीती शीवच्या त्या बाईंनाही होती. तिच्यावर उपाय म्हणून त्यांनी सगळ्यांचे फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवले होते आणि त्या कामाला लागल्या होत्या.

"त्या रोज फोन करतात," धुरी म्हणाले.

"हो."

"माझ्यावर विश्वास नाही त्यांचा."

"तुमचा तरी कोणावर आहे?" मी म्हणालो. "धुरी, आता मी विचारतो. दुसरी किल्ली कोणाकडे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मान वर न करता म्हणाले, "ग्लेन्डा, लॅपटॉप आण. सांगतो तसं करत जा. टोपी राहू दे डोक्यावर."

मी कपाट उघडलं. फलक उभा राहिला, आणि पुढच्या काही दिवसांत कुलपाचा आकडा ग्लेन्डाच्याही फोनवर यायला लागला, आणखी दोघांच्याही. ऑपरेशनची तारीख कुंदाताईंनी घेतली. धुरींनी ती पुढे ढकलली नाही, पण त्याआधी सर्जनला भेटून आपलं समाधान करून घेतलं. मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होते आणि सहनशील.

"म्हणजे हृदय तुम्ही थांबवणार?"

"थोडा वेळ. तोवर मशीन काम करतं."

"त्या मशीनला दुसरं मशीन आहे?"

"आहे."

"कधी लावून बघितलंत?"

डॉक्टर हसले. "बघतो, काका. नेमाने बघतो."

"वीज गेली तर जनरेटर. जनरेटर नाही लागला तर?"

"तर हाताने फिरवायची सोय आहे."

"हाताने," धुरी म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बघितलंत? हे लोक मुद्दाम थांबवतात. आणि परत चालू होतं." मग थोडं चालून झाल्यावर, "बहुतेक वेळा होतं."

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी पिशवीतून लाल टोपी काढली आणि स्ट्रेचर हलायच्या आत ती डॉक्टरांना द्यायचा हट्ट धरला. खऱ्या यंत्रणेला हात लावणार, टोपी नको का? सिस्टरने ती आत नेऊ दिली नाही. मग त्यांनी ती माझ्या हातात कोंबली. ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा दिवा विझेपर्यंत मी आणि कुंदाताई बाहेरच्या बाकावर बसून होतो. त्या टोपीची लोकर मी किती पिळली असेन, मला सांगता येणार नाही. काळजी करायची पाळी आता माझी होती, आणि तेव्हा कळलं, हे काम किती कष्टाचं आहे ते.

हृदय परत चालू झालं. धुरी घरी आले, हिंडूफिरू लागले, पण नोकरीवर गेले नाहीत. कुंदाताईंनी वेंगुर्ल्याजवळचं गावचं घर उघडायचं ठरवलं. त्यांना पोचवायला मी आणि ग्लेन्डा दादरला बसपर्यंत गेलो. संध्याकाळची वेळ, फुटपाथवर आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पोती, बोचकी आणि कोकणात निघालेली निम्मी मुंबई. धुरींच्या हातात दोन छत्र्या होत्याच. शर्टाचा खिसा मात्र सरळ होता. एकच फोन, आणि तोही कुंदाताईंच्या पर्समध्ये. हॉलची दुसरी किल्ली त्यांनी ग्लेन्डाला दिली. मला म्हणाले, "तब्येत तपासून घ्या, सेक्रेटरी. तुमचंही वय झालं."

ते खिडकीपाशी बसले आणि तेवढ्यात तो आवाज झाला. तोच कर्कश आवाज, फलक बिनसल्याचा. आम्ही सगळ्यांनी तो ओळखला. धुरींचा हात झटकन छातीकडे गेला, जिथे खिसा होता आणि आता शर्टाखाली टाक्यांची लांब रेघ होती. खिशात काही नव्हतं. वाजत होता तो ग्लेन्डाचा फोन.

ती तिथेच एका आंब्याच्या पेटीवर बसली, मांडीवर लॅपटॉप उघडला. मग पिशवीत हात घालून तिने लाल माकडटोपी काढली आणि त्या उकाड्यात, सगळ्या दादरच्या देखत, नीट कानांवर ओढून घेतली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती घाबरली होती. चांगलीच घाबरली होती.

मी वर बघितलं. धुरी काचेतून तिच्याकडेच बघत होते. ते उठतील असं मला वाटलं, दाराकडे येतील, निदान "झालं का हिरवं?" म्हणून खूण करतील. त्यांनी तिचा तो घाबरलेला चेहरा बराच वेळ निरखला. मग पाठ सीटला टेकवली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.